गर्भाशयमुखाच्या तपासणीत दोष आढळला, त्यानंतरची जबाबदारी कुणाची?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणी शिबिरांच्या बातम्या आपल्या दैनिकात अधूनमधून येतात आणि त्या यायलाच हव्यात. या बातम्यांत किती स्त्रियांची तपासणी झाली हा आकडा ठळकपणे दिलेला असतो. त्यांपैकी कितीजणींच्या अहवालात दोष आढळला, त्यांतल्या कितीजणी पुढच्या तपासणीपर्यंत पोहोचल्या आणि कितीजणींचे उपचार पूर्ण झाले, हे मात्र वाचायला मिळत नाही. पुष्कळदा ते आयोजकांनाही ठाऊक नसते. परिचारिका म्हणून माझी बरीच वर्षे स्त्रीरोग विभागात आणि अशा शिबिरांत गेली, त्या अनुभवाच्या आधारे हे पत्र लिहीत आहे. नुसत्या तपासणीने कुणाचा जीव वाचत नाही. तपासणीत सापडलेल्या दोषावर वेळेत उपचार झाले तरच तो वाचतो, आणि म्हणून ज्या संस्थेने नमुना घेतला तिची जबाबदारी त्या स्त्रीचे उपचार पूर्ण होईपर्यंत संपत नाही, असे माझे ठाम मत आहे.

हा आजार माणसाला भरपूर अवधी देतो. एचपीव्ही या विषाणूच्या काही घातक प्रकारांचा संसर्ग शरीरात दीर्घकाळ टिकून राहिला, तर गर्भाशयमुखाच्या पेशींत हळूहळू बिघाड होत जातो. जवळजवळ प्रत्येक गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मूळ इथे असते, आणि हा संबंध दाखवून देणारे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. बिघडलेल्या पेशींचा कर्करोग होण्यास सर्वसाधारणपणे १५ ते २० वर्षे लागतात; प्रतिकारशक्ती क्षीण झालेल्या स्त्रियांत हा काळ ५ ते १० वर्षांवर येतो. इतका अवधी हाती असूनही २०२२ या एका वर्षात जगभरात सुमारे ६ लाख ६० हजार स्त्रियांना हा कर्करोग झाला आणि सुमारे साडेतीन लाख स्त्रिया त्याने दगावल्या. यांतले ९४ टक्के मृत्यू अल्प आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतले आहेत, आणि संपन्न देशांतही हा आजार मुख्यतः ज्यांच्यापर्यंत आरोग्यसेवा धड पोहोचत नाही अशाच स्त्रियांना गाठतो.

दोष आढळूनही उपचार झाले नाहीत तर काय होते, याचे उत्तर जगाला न्यूझीलंडमध्ये फार मोठी किंमत मोजून मिळाले. ऑकलंडच्या नॅशनल विमेन्स हॉस्पिटलमध्ये १९६६ पासून काही स्त्रियांच्या गर्भाशयमुखातील तीव्र स्वरूपाच्या, म्हणजे कर्करोगपूर्व बिघाडाच्या तीन श्रेणींपैकी सर्वांत वरच्या सीआयएन ३ या श्रेणीच्या बिघाडावर पुरेसे उपचार न करता त्यांना केवळ निरीक्षणाखाली ठेवण्यात आले. आपल्याबाबत असे काही चालले आहे, याची त्या स्त्रियांना कल्पनाही नव्हती. सँड्रा कोनी आणि फिलिडा बंकल या दोन स्त्रियांनी १९८७ मध्ये एका मासिकातून हा प्रकार उघडकीस आणला, न्यायाधीश सिल्व्हिया कार्टराइट यांनी चौकशी केली आणि १९८८ मध्ये त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. पुढे २००८ मध्ये त्या रुग्णालयातील जुन्या नोंदींचा अभ्यास झाला, तेव्हा असे दिसले की ज्यांच्यावर पुरेसे उपचार झाले नाहीत अशा स्त्रियांपैकी सुमारे ३१ टक्के स्त्रियांना तीस वर्षांच्या आत कर्करोग झाला, तर ज्यांचे उपचार नीट झाले त्यांच्यात हे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी राहिले. आज कोणतेही रुग्णालय जाणूनबुजून असे करणार नाही. परंतु जिचा दोषयुक्त अहवाल एखाद्या कपाटात पडून राहतो आणि जिला कुणी परत बोलावत नाही, त्या स्त्रीच्या वाट्याला नेमके तेच निरीक्षण येते, फक्त निरीक्षण करणारेही कुणी नसते.

अहवालात दोष आहे म्हणजे कर्करोग झाला असे नव्हे, हे इथे स्पष्ट करायला हवे, कारण पाठपुराव्याची पहिली गाठ इथेच बसते. एचपीव्हीचे बहुतेक संसर्ग एक-दोन वर्षांत शरीर स्वतःच परतवून लावते. सीआयएन १ हा सौम्य बिघाड बहुतेकदा आपोआप बरा होतो आणि त्यावर सहसा लक्ष ठेवणे पुरते. सीआयएन २ आणि विशेषतः सीआयएन ३ यांवर उपचार लागतात, पण तेही गर्भाशयमुखाच्या थोड्याशा भागापुरते असतात आणि बहुधा भूल देऊन झोपवण्याचीही गरज पडत नाही. घाईगर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात हा सगळा फरक एका वाक्यात उरकला जातो. त्या वाक्यातून एखादीच्या कानात ‘कॅन्सर’ एवढा एकच शब्द राहतो, आणि दुसरीला ‘घाबरण्यासारखे काही नाही’ एवढेच ऐकू येते. पहिली भीतीने येत नाही, दुसरी गरज वाटत नाही म्हणून येत नाही. चाळिशीतल्या एका बाईंनी आपली चिठ्ठी कित्येक महिने डब्यात घडी घालून ठेवली होती. कर्करोगच असेल तर उपचारावर घरचा पैसा घालवण्यात अर्थ नाही, असे त्यांनी मनाशी ठरवून टाकले होते. शेजारणीच्या आग्रहाने त्या अखेर आल्या तेव्हा बायॉप्सीत, म्हणजे छोटा तुकडा काढून केलेल्या तपासणीत, सीआयएन ३ निघाला आणि ‘लीप’ म्हणजे विजेच्या तारेने तेवढा भाग काढण्याच्या छोट्या प्रक्रियेनंतर त्या त्याच दिवशी चालत घरी गेल्या. हे एवढेच आहे असे आधी कुणी सांगितले का नाही, असे त्यांनी मला विचारले होते.

आता जुन्या पद्धतीच्या कार्यक्रमात एका स्त्रीला काय काय पार पाडावे लागते ते पाहावे. आधी पॅप स्मिअरचा, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्यासाठी गर्भाशयमुखाच्या पेशींचा, नमुना द्यायचा. काही आठवड्यांनी अहवाल घ्यायला यायचे. दोष असेल तर कॉल्पोस्कोपीसाठी, म्हणजे भिंगाच्या यंत्रातून गर्भाशयमुख पाहण्यासाठी, मोठ्या रुग्णालयाची चिठ्ठी मिळते. तिथे जाऊन केसपेपर काढायचा आणि पुढची तारीख घेऊन परतायचे. त्या तारखेला कॉल्पोस्कोपी होते, बायॉप्सी घेतली जाते, तिच्या अहवालासाठी पुन्हा यायचे, मग उपचाराची तारीख, आणि उपचारानंतर वर्षभराने पुन्हा तपासणी. यांतल्या प्रत्येक हेलपाट्याला एका दिवसाचा खाडा पडतो, प्रवासखर्च होतो, लहान मुलाला किंवा घरातल्या आजारी माणसाला कुणाच्या तरी हवाली करावे लागते आणि कुठे चाललीस या प्रश्नाला उत्तर द्यावे लागते. त्यातच एखाद्या दिवशी पाळी सुरू असते म्हणून, किंवा यंत्र बंद आहे म्हणून, किंवा डॉक्टर रजेवर आहेत म्हणून तिला तसेच परत पाठवले जाते. जिला दुखत-खुपत काहीच नाही, अशी रोजंदारीवर पोट असलेली बाई इतक्या फेऱ्या मारील ही अपेक्षाच मुळात अवास्तव आहे. बायका दुखणे अंगावर काढतात असे आपण म्हणतो. हे तर न दुखणारे दुखणे आहे.

शिबिराच्या नोंदवहीचे एक पान मी वाचकांपुढे ठेवू इच्छिते. नाव, वय, पत्ता, फोन, निष्कर्ष आणि अगदी उजवीकडे ‘पाठपुरावा’ असा अरुंद रकाना. पत्त्याच्या जागी एखाद्या बांधकामाचे नाव असते, आणि काम संपले की ते कुटुंब तिथून हललेले असते. फोन नंबर नवऱ्याचा, मुलाचा, कधी मुकादमाचा. निष्कर्षाच्या रकान्यात लाल शाईची खूण. त्या नंबरवर फोन लावला की पुरुषाचा आवाज येतो, आणि कशाबद्दल फोन आहे हे त्याला सांगावे की सांगू नये, याचा निर्णय समोर बसलेल्या परिचारिकेला त्या क्षणी एकटीने करावा लागतो. सांगितले तर त्या स्त्रीचा खासगीपणा मोडतो, न सांगितले तर निरोप पोहोचेलच याची खात्री नसते. उजवीकडच्या रकान्यात अखेर ‘रुग्ण आली नाही’ असे लिहिले जाते आणि पान उलटले जाते. ती का आली नाही, तिला निरोप मिळाला होता का, ती आली असता आपण तिला परत पाठवले होते का, यांसाठी त्या वहीत जागाच नसते. नमुना घेतानाच तिला विचारून ठेवावे: निरोप कुणाच्या फोनवर दिलेला चालेल, काय शब्द वापरायचे, फोन नकोच असेल तर कुणाकरवी कळवायचे. याला दोन मिनिटे लागतात. ही दोन मिनिटे वाचवल्यामुळे किती स्त्रिया हातच्या गेल्या, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही.

एचपीव्ही तपासणी वाढत चालली आहे, आणि ती पॅप स्मिअरपेक्षा अधिक खात्रीची असल्याने तसे होणे योग्यच आहे. मात्र तिच्याबरोबर एक नवा अडथळा येतो. हा विषाणू लैंगिक संबंधातून पसरतो हे कळले की घरात संशय शिरतो. तो पत्नीवर घेतला जातो किंवा पत्नीच्या मनात पतीविषयी निर्माण होतो, आणि दोन्ही प्रकारांत तपासणीचा विषय कायमचा बंद होतो. लैंगिक जीवन असलेल्या बहुतेक सर्व स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी हा संसर्ग होऊन जातो. तो वर्षानुवर्षे कोणतेही लक्षण न दाखवता शरीरात राहू शकतो, त्यामुळे आजच्या अहवालावरून तो कधी आणि कुणाकडून आला हे सांगता येत नाही, कुणाच्या वर्तनाबद्दल तर काहीच सांगता येत नाही. हे अहवाल हातात देताना सांगून उपयोग नाही. नमुना घेण्यापूर्वी सांगितले पाहिजे आणि शक्य असेल तिथे तिच्या जोडीदारालाही, तिची संमती घेऊन, सांगितले पाहिजे.

हेलपाटे कमी करणे हा सर्वांत सरळ उपाय आहे आणि त्याला शास्त्राचा भक्कम आधार आहे. व्हीआयए या पद्धतीत ३ ते ५ टक्के तीव्रतेचे ॲसेटिक आम्ल गर्भाशयमुखाला लावून मिनिटभर थांबतात. बिघाड झालेला भाग पांढरट दिसू लागतो आणि निष्कर्ष जागच्या जागी मिळतो. मुंबईच्या वस्त्यांत प्रशिक्षित प्राथमिक आरोग्य कार्यकर्त्यांनी ठरावीक अंतराने केलेल्या या तपासणीमुळे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटल्याचे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवले. त्याआधी, २००९ मध्ये, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील सुमारे १ लाख ३१ हजार ग्रामीण स्त्रियांच्या अभ्यासात एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने हे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आल्याचे आढळले होते. या अभ्यासांचा उल्लेख होतो तेव्हा चाचणीचे कौतुक होते. पण दोष आढळलेल्या स्त्रियांची कॉल्पोस्कोपी, बायॉप्सी आणि उपचार यांची व्यवस्था अभ्यासाचाच भाग होती, ही गोष्ट मला चाचणीइतकीच महत्त्वाची वाटते. ती व्यवस्था वगळून केवळ चाचणी उचलली तर तेच फळ मिळणार नाही. झांबियात लुसाका शहरात २००६ पासून परिचारिकांनी तपासणी आणि उपचार एकाच भेटीत करण्याचा कार्यक्रम उभारला. गर्भाशयमुखाचे छायाचित्र घ्यायचे, शंका असेल तर ते तज्ज्ञ डॉक्टरांना दाखवायचे आणि पात्र स्त्रीवर तिथेच क्रायोथेरपी करायची, म्हणजे गॅसने बिघडलेला भाग गोठवून नष्ट करायचा, अशी त्याची रीत होती.

आता थर्मल ॲब्लेशनची हातात मावणारी, बॅटरीवर चालणारी यंत्रे उपलब्ध आहेत. सुमारे १०० अंश सेल्सियस तापवलेले टोक २० ते ३० सेकंद बिघडलेल्या भागाला लावले की त्या पेशी नष्ट होतात. गॅसचे सिलिंडर वाहून नेण्याची कटकट त्यात नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत एचपीव्ही तपासणीनंतर थेट उपचार करण्याचा मार्गही मान्य केलेला आहे, आणि तासाभरात एचपीव्हीचा निष्कर्ष देणारी यंत्रेही आली आहेत. म्हणजे सकाळी आलेली स्त्री दुपारी उपचार घेऊन घरी जाऊ शकते. यात काही जणींवर गरज नसताना उपचार होतात हा आक्षेप खरा आहे, आणि तो तिला आधी सांगूनच तिची संमती घ्यावी. परंतु ज्या स्त्रीची पुन्हा भेट होण्याची शाश्वती नाही, तिच्या बाबतीत हा धोका पत्करण्याजोगा आहे असे मला अनुभवाने वाटते. हा मार्ग सर्वांना लागू पडत नाही, हेही तितकेच खरे. बिघाड गर्भाशयमुखाच्या आतल्या मार्गात शिरला असेल, फार मोठ्या भागावर पसरला असेल किंवा कर्करोगाचीच शंका असेल, तर तिला मोठ्या रुग्णालयातच जावे लागते. पाळी गेलेल्या स्त्रियांमध्ये, बिघाड सहसा जिथे होतो तो भाग आत सरकलेला असल्याने व्हीआयएवर विसंबता येत नाही. अशा स्त्रियांसाठी कोणते रुग्णालय, कोणता वार आणि कोण व्यक्ती, हे शिबिराची तारीख ठरण्यापूर्वी ठरलेले असले पाहिजे.

स्वतःच्या हाताने नमुना घेण्याची सोय हे एचपीव्ही तपासणीचे मोठे वरदान आहे. लाजेमुळे, पूर्वीच्या वाईट अनुभवामुळे किंवा लैंगिक अत्याचार सोसल्यामुळे ज्या तपासणीच्या टेबलावर येऊच शकत नाहीत, त्यांनाही ती घेता येते. मात्र निष्कर्षात विषाणू आढळला की त्या स्त्रीला अखेर त्याच टेबलावर यावे लागते. नमुन्याच्या नळ्या घरोघर वाटल्या आणि पुढच्या तपासणीची खोली जशीच्या तशी, कडी न लागणारी आणि चारजण ये-जा करणारी राहिली, तर आपण भीती फक्त एक पायरी पुढे ढकलली असे होईल.

पैशाच्या बाबतीत अमेरिकेचे उदाहरण बोलके आहे. तिथे १९९० मध्ये कायदा होऊन गरीब आणि विमा नसलेल्या स्त्रियांसाठी स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. त्यात तपासणी आणि निदान यांचा खर्च सरकार देत होते, उपचारांचा देत नव्हते. कर्करोगाचे निदान झालेल्या स्त्रीसाठी धर्मादाय निधी, दयाळू डॉक्टर, रुग्णालयाची सवलत असे काहीतरी जुळवावे लागे. उपचारांसाठी सरकारी विमा खुला करून देणारा कायदा व्हायला २००० साल उजाडले. इतक्या संपन्न देशाला ही फट बुजवायला दहा वर्षे लागली. जिथे पैसा तुटपुंजा आहे तिथे तर पहिला नमुना घेण्याआधी शेवटच्या उपचाराची तरतूद झालेली हवी. प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी यांचाही त्यात विचार व्हावा, कारण चाचणी मोफत असली तरी त्या स्त्रीला ती कधीच फुकट पडत नाही.

याच अमेरिकेतून एक चांगली गोष्टही घेण्यासारखी आहे. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील शल्यविशारद हॅरॉल्ड फ्रीमन यांनी १९९० मध्ये स्तनांत दोष आढळलेल्या गरीब स्त्रियांसाठी, निदानापासून उपचारापर्यंत सोबत करणारी माणसे नेमली. तारीख मिळवणे, कागदपत्रे भरणे, भाषा समजावणे, मुलांची सोय लावणे, भीती ऐकून घेणे, ही त्यांची कामे. गर्भाशयमुखाच्या बाबतीतही असे माणूस लागते, आणि ते त्याच वस्तीतले असले तर अर्धे काम आपोआप होते. आपल्या ओळखीची बाई सोबत असली की रुग्णालयाची पायरी चढणे सोपे जाते, हे मी असंख्य वेळा पाहिले आहे. मात्र हे काम कुणाच्या तरी मूळ कामावर आणखी एक ओझे म्हणून, बिनमोबदला लादू नये. ज्याला वेतन नाही ते काम सर्वांत आधी सुटते.

नोंदींचेही तसेच आहे. इंग्लंडमध्ये १९८८ पासून स्त्रियांना ठरावीक काळाने बोलावण्याची आणि अहवालानुसार परत बोलावण्याची देशव्यापी संगणकीय व्यवस्था आली, तेव्हापासून तिथल्या कार्यक्रमाला खरा परिणाम दिसू लागला. ऑस्ट्रेलियात दोषयुक्त अहवालानंतर पुढची तपासणी झाल्याची नोंद ठराविक मुदतीत आली नाही, तर नोंदणी केंद्राकडून आठवण केली जाते. आपल्याकडे संगणक नाही म्हणून कुणी हात झटकू नयेत. दोष आढळलेल्यांची एक वेगळी वही, दर आठवड्याला एक ठरलेला दिवस आणि त्या वहीखाली सही करणारी एक जबाबदार व्यक्ती, एवढ्याने फार मोठा फरक पडतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये २०३० सालासाठी तीन उद्दिष्टे ठरवली: ९० टक्के मुलींना वयाच्या पंधराव्या वर्षापर्यंत एचपीव्हीची लस, ७० टक्के स्त्रियांची पस्तिशीपर्यंत एकदा आणि पंचेचाळिशीपर्यंत पुन्हा तपासणी, आणि दोष आढळलेल्यांपैकी ९० टक्के स्त्रियांवर उपचार. पहिल्या दोन उद्दिष्टांवर भाषणे होतात. तिसऱ्यासाठी मोजणीच होत नाही.

काही स्त्रिया तर व्यवस्थेच्या फटीतून हमखास निसटतात. गरोदरपणात दोष आढळला तर कॉल्पोस्कोपी करता येते, पण कर्करोगाची शंका नसेल तर उपचार बहुधा बाळंतपणानंतर करतात. ‘बाळंतपण झाल्यावर या’ असे सांगितले जाते. बाळंतपण दुसऱ्याच ठिकाणी होते, तिथे हा कागद कुणी पाहिलेला नसतो, आणि बाळ हाती आल्यावर आईला स्वतःची आठवण राहत नाही. बाळाच्या लसीकरणाच्या भेटीशी आईची ही तपासणी सहज जोडता येईल. एचआयव्हीसह जगणाऱ्या स्त्रियांना हा कर्करोग होण्याची शक्यता सहापट असते. त्यांची औषधे ज्या केंद्रातून मिळतात तिथेच तपासणी आणि उपचार झाले तर वेगळी चिठ्ठी लागणार नाही. तुरुंगातल्या, अपंग, परक्या भाषेच्या प्रदेशात कामाला आलेल्या स्त्रियांचा विचार तर बहुतेक कार्यक्रमांत झालेलाच नसतो.

याच्या उलट टोकाचा प्रकारही घडतो आणि तो मला अतिशय क्लेशदायक वाटतो. दोष आढळलेल्या गरीब स्त्रीला ‘पिशवीच काढून टाका, कटकट नको’ असा सल्ला दिला जातो. कर्करोगपूर्व बिघाडासाठी गर्भाशय काढणे हा पहिला उपचार नव्हे. त्यात मोठ्या शस्त्रक्रियेचे धोके आहेत, खर्च आहे, कामापासून कित्येक आठवडे दूर राहणे आहे. शिवाय या कारणासाठी पिशवी काढली तरी योनीच्या वरच्या टोकाची तपासणी पुढे चालूच ठेवावी लागते, आणि हे त्या स्त्रीला सहसा कुणी सांगत नाही. कर्करोग तर नाही ना, याची बायॉप्सीने शहानिशा न करता असे ऑपरेशन झाले, तर पुढचे उपचार अधिकच बिकट होऊ शकतात. असा सल्ला मिळालेल्या प्रत्येक स्त्रीने कॉल्पोस्कोपी आणि बायॉप्सीचा अहवाल मागावा आणि दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे.

ज्या वाचक भगिनींच्या घरी असा अहवाल पडून आहे, त्यांच्यासाठी कॉल्पोस्कोपीविषयी थोडे सांगते. पाळी येत असेल तर ती संपल्यानंतरचे दिवस सोयीचे. नेहमीच्या अंतर्गत तपासणीसारखेच टेबलावर झोपावे लागते आणि स्पेक्युलम, म्हणजे योनिमार्ग उघडा ठेवणारे साधन, घातला जातो. भिंगाचे यंत्र शरीराबाहेरच राहते. औषध लावल्यावर थोडे चुरचुरते, बायॉप्सी घेताना चिमटा बसल्यासारखे वाटते, आणि सगळे मिळून साधारण पाव तासात आटोपते. एक-दोन दिवस थोडा रक्तस्राव होऊ शकतो. थर्मल ॲब्लेशन किंवा क्रायोथेरपी झाली तर काही आठवडे पाण्यासारखा स्राव जातो, आणि साधारण महिनाभर शरीरसंबंध टाळायला सांगतात. खूप रक्त जाणे, ताप किंवा दुर्गंधी असेल तर लगेच परत जावे. तपासणीच्या वेळी स्त्री डॉक्टर हव्यात, सोबत कुणी हवे, दार बंद हवे, दुखले तर थांबायला हवे, हे सांगण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. अहवाल जुना झाला म्हणून कुणी रागावेल या धास्तीने घरी बसू नका. कागद दोन वर्षांपूर्वीचा असला तरी तोच घेऊन जा. उपचारानंतर वर्षभराने होणारी तपासणीही चुकवू नये, कारण काही जणींत बिघाड परत होतो.

संपादक महोदय, आपल्याकडे एक विनंती आहे. यापुढे तपासणी शिबिराची बातमी देताना आपल्या वार्ताहरांनी आयोजकांना दोन-तीन प्रश्न अवश्य विचारावेत. गेल्या वेळच्या शिबिरात कितीजणींच्या अहवालात दोष आढळला, त्यांपैकी कितीजणींचे उपचार पूर्ण झाले, आणि उरलेल्यांना शोधण्याचे काम कोणाकडे आहे. उत्तर मिळाले तर ते तपासणीच्या आकड्याशेजारी, त्याच ठळक अक्षरांत छापावे. मिळाले नाही तर तसेही छापावे. शिबिरानंतर सहा महिन्यांनी त्याच आयोजकांकडे पुन्हा एकदा जाऊन हेच विचारले, तर पुढच्या शिबिराच्या नोंदवहीत पाठपुराव्याचा रकाना रुंद झालेला दिसेल, असा मला विश्वास वाटतो.

कळावे,
आपली विश्वासू,
एक निवृत्त परिचारिका